काटकसर : ठिगळ, नानकटाई आणि गोधडीचा पूर्ण हिशेब



मागच्या वर्षी मी चौथीच्या वर्गाला 'काटकसर' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. सगळ्यांनी छान लिहिलं. 'थेंबे थेंबे तळे साचे' तर जवळजवळ प्रत्येक वहीत होतं. एका मुलाच्या दहाही ओळी अगदी नेटक्या होत्या. मी त्याला म्हटलं, "पुढे ये आणि मोठ्याने वाचून दाखव." तो काही उठेना. हळूच म्हणाला, "मॅडम, बसूनच वाचू का?"

मी जवळ गेले तेव्हा लक्षात आलं. त्यानं दप्तर मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं, कारण पँटच्या गुडघ्यावर ठिगळ होतं. ठिगळ इतकं सुबक लावलेलं, की मला स्वतःला तसं जमणार नाही. पण त्याला ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

वहीत काटकसर हा गुण आणि अंगावर आली की लाज, असं कसं? त्या दिवशी मला कळलं, की आपण हा विषय अर्धाच शिकवतो. म्हणी पाठ करून घेतो, पण हिशेब मांडायला शिकवत नाही. म्हणून आजचा हा पाठ.

काटकसर म्हणजे नेमकं काय?

खिशात पैसे आहेत म्हणून हवं-नको ते घेत सुटतो, तो उधळ्या. गरज असूनही पैसा सुटत नाही, तो कंजूष. आणि जे आहे त्याचा पूर्ण उपयोग करून घेतो, तो काटकसरी. कंजूष माणूस पैसा सांभाळतो. काटकसरी माणूस वस्तू सांभाळतो. हा फरक नीट ध्यानात ठेवा.

माझी आजी किराणा दुकानातल्या पुड्यांना बांधलेला दोरा कधी टाकून देत नसे. तो सोडवून एका गुंड्याला गुंडाळून ठेवायची. पुड्याचा कागद सरळ करून डब्याच्या तळाशी घालायची. लहानपणी मला याचं हसू यायचं. मोठी झाल्यावर समजलं, की तिनं १९७२ चा दुष्काळ काढला होता. त्या साली महाराष्ट्रात पाऊस नाही, पीक नाही. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी खात. कामावर सुकडी मिळायची. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या हातून दोऱ्याचा तुकडासुद्धा फेकला जात नाही. काटकसर ही अशी गरजेतून आलेली शहाणीव आहे. तिच्यात लाजण्यासारखं काही नाही.

काटकसर करताना स्वतःला तीन प्रश्न विचारायचे :

१. ही वस्तू अजून किती दिवस चालू शकेल?
२. ती चालवायला पैसा किती लागेल आणि वेळ किती लागेल?
३. जे वाचतंय, ते कुणाच्या वाट्याचं वाचतंय?

पहिले दोन प्रश्न बरेच लोक विचारतात. तिसरा कुणी विचारत नाही. आता सुईपासून सुरुवात करू.

ठिगळाचं गणित

समजा, एक पँट ३०० रुपयांना घेतली. दहा महिन्यांत ती गुडघ्यावर फाटली. टाकून दिली तर महिन्याला खर्च पडला ३०० ÷ १० = ३० रुपये. आता १० रुपयांचं कापड-दोरा वापरून ठिगळ लावलं आणि पँट आणखी पाच महिने चालली, तर ३१० ÷ १५ = २० रुपये ६७ पैसे. म्हणजे महिन्याला ९ रुपयांहून जास्त बचत. घरात तीन मुलं असतील तर तिप्पट.

ठिगळ लावायची एक रीत आहे. फाटलेल्या जागेपेक्षा ठिगळ चारही बाजूंनी निदान एक इंच मोठं कापायचं, कारण फाटलेल्या जागेच्या आसपासचं कापडही झिजलेलं असतं. फक्त भोकाएवढंच ठिगळ लावलं तर आठ दिवसांत कडेनं पुन्हा फाटतं. ठिगळाचं कापड शक्यतो जुनं, धुतलेलं घ्यावं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि चुण्या पडतात. कडा आत दुमडून आधी धावदोऱ्यानं टाचायचं, मग बारीक टाक्यांनी पक्कं करायचं.

बटण लावतानाही थोडी जागा सोडावी लागते. बटण कापडाला अगदी चिकटवून शिवलं तर काजातून घालताना ओढ बसते आणि दोरा तुटतो. म्हणून बटणावर आगपेटीची एक काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे. नंतर काडी काढून बटण वर ओढायचं आणि खाली जो सैल दोरा राहतो, त्याला दोऱ्याचेच तीन-चार वेढे द्यायचे. असं बटण सहसा तुटत नाही.

आणि वाढत्या वयाच्या मुलींसाठी जुन्या बायकांची एक युक्ती होती. परकर किंवा फ्रॉक शिवतानाच खाली दोन-तीन टक घालून ठेवायचे. मुलगी उंच झाली की एक टक उसवायचा. एकच परकर दोन-तीन वर्षं पुरायचा. शिवतानाच पुढचा विचार केलेला असे.

नानकटाईचा हिशेब

आता स्वयंपाकघरात या. "घरी केलं की स्वस्त पडतं," असं आपण सरसकट म्हणतो. हे खरं आहे का? करून बघू.

आपल्याकडे कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पुस्तकानं १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवला. घरात वजनकाटा नसला तरी अडत नाही. म्हणून साहित्य आधी वाटीत सांगते : मैदा १ वाटी, बेसन पाव वाटी, रवा २ चमचे, पिठीसाखर पाऊण वाटी, तूप अर्धी वाटी, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड.

तूप आणि पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेसायचं. त्यात बाकीचं मिसळून मऊ गोळा करायचा, पण पोळीच्या कणकेसारखा मळत बसायचं नाही. मळल्यानं मैद्यातला चिवटपणा वाढतो आणि नानकटाई कडक होते. तूप हा चिवटपणा अडवतं, म्हणून ती खुसखुशीत होते. करंजीच्या पिठाला मोहन घालतो ते याचसाठी. आणि सोडा कशाला? तो तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, त्यामुळे नानकटाई फुलते आणि वर भेगा पडतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई घ्या. तळाशी मीठ पसरा, त्यावर तिवई ठेवा, झाकण घालून मंद आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत नानकटाई मांडून आत ठेवा. साधारण वीस मिनिटांत होते. मीठ उष्णता धरून ठेवतं आणि आतली कोरडी गरम हवा भाजण्याचं काम करते. बरेच जण यासाठी कुकर वापरतात. पण पाण्याशिवाय कुकर तापवू नये असं त्याच्या माहितीपुस्तिकेतच सांगितलेलं असतं, त्यामुळे कढईच बरी. मुलांनी हे काम मोठ्या माणसाशिवाय करू नये.

आता खर्च. भाव आमच्या गावचे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. मैदा १२५ ग्रॅम ५ रुपये, बेसन ४० ग्रॅम ४ रुपये, रवा १ रुपया, पिठीसाखर १०० ग्रॅम ५ रुपये, साजूक तूप १०० ग्रॅम ६५ रुपये, वेलदोडा-सोडा ३ रुपये, गॅस अंदाजे ६ रुपये. बेरीज ८९ रुपये. तयार माल साधारण ३५० ग्रॅम. बेकरीत पाव किलो ७० रुपयांना मिळते, म्हणजे ३५० ग्रॅमचे ९८ रुपये.

वाचले किती? ९ रुपये. वेळ किती गेला? कढईत एका वेळी सात-आठच बसतात, म्हणून तीन घाणे. एकूण दीड तास!

वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा मुलं खो-खो हसली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग विकतच आणू की!" तिचं चुकलं नव्हतं. पण दुसरा म्हणाला, "बेकरीवाले साजूक तूप थोडंच घालतात?" त्याचंही बरोबर. वनस्पती तूप घेतलं तर त्या ६५ च्या जागी साधारण १५ रुपये येतात आणि बचत ५९ रुपये होते. साजूक तूप घेतलं तर पैसे वाचत नाहीत, पण पोटात काय जातंय हे आपल्याला ठाऊक असतं. काय हवंय ते आधी ठरवायचं, मग हिशेब करायचा.

वाढदिवसाचा केक मात्र घरी नक्की स्वस्त पडतो. अर्ध्या किलोचा साधा केक घरात साठ-सत्तर रुपयांत होतो. आमच्याकडे बेकरीत तोच अडीचशेच्या आसपास आहे. उलट पाव घरी करणं परवडत नाही. बेकरीची भट्टी एकदा तापली की तिच्यात एका वेळी कितीतरी लाद्या भाजून निघतात. आपण एका लादीसाठी तेवढाच खटाटोप करणार!

आपल्या आया-आज्यांनी यावर केव्हाच तोड काढली होती. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर, तूप डब्यात भरून बायका बेकरीत जात. साहित्य आपलं, भट्टी त्यांची. किलोमागे ठरलेली मजुरी द्यायची आणि डबे भरून नानकटाई घरी आणायची. अजूनही कितीतरी गावांत ही पद्धत आहे. माल आपल्या मनासारखा आणि इंधन सगळ्यांचं मिळून एकदाच. काटकसरीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उरलेल्या अन्नाचंही तसंच. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरल्या भाताला फोडणी, भाकरीचे तुकडे ताकात. हे सगळं आपल्याकडे चालत आलेलंच आहे. फक्त एक सांगते, उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात फोडणी देऊनही खाऊ नका. शिजलेल्या भातात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष गरम करूनही जात नाही. दहा रुपयांचा भात वाचवून दवाखान्यात पाचशे घालवणं ही काटकसर नव्हे.

गोधडी फुकट असते का?

माझ्याकडे आईनं शिवलेली एक गोधडी आहे. त्या वर्गाला दाखवायला मी ती शाळेत नेली. आत आजीचं एक जुनं लुगडं आहे आणि वर-खाली आईची जुनी साडी.

आधी मोजमाप केलं. लुगडं नऊ वार. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर, म्हणून लुगडं झालं सुमारे ८.२३ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या तर प्रत्येक थर दोन मीटरहून किंचित लांब. म्हणजे एकाच लुगड्यातून माणसाच्या उंचीला पुरतील असे चार थर निघाले. वर आणि खाली साडीचं कापड धरून एकूण सहा. मग कडेपासून आत आत जात सगळीकडून धावदोरा.

इतकं पातळ, विरलेलं कापड उबदार कसं? थरांच्या मधे हवा अडकते. हवा उष्णतेची मंद वाहक आहे, ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. आणि धावदोऱ्याच्या ओळी हे थर जागच्या जागी धरून ठेवतात, त्यामुळे ते सरकून गोळा होत नाहीत.

मी विचारलं, "सांगा, या गोधडीला खर्च किती आला असेल?"

"काहीच नाही!" सगळे एकदम ओरडले. "जुनं कापड तर फुकटच!"

मग मी आईनं सांगितलेला वेळ फळ्यावर लिहिला. दीड महिना, दुपारी जेवणं उरकल्यावर रोज दोन तास. ४५ × २ = ९० तास. तासाला नुसते ४० रुपये धरले तरी ९० × ४० = ३६०० रुपये.

वर्ग शांत झाला. दुकानातलं ब्लँकेट ८०० रुपयांना मिळतं आणि 'फुकट' गोधडी ३६०० रुपयांची! हे पैसे कुणी दिले? माझ्या आईनं, तिच्या दुपारच्या विश्रांतीतून.

२०१९ साली केंद्र सरकारनं वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. त्यात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना फक्त एक मिनिट कमी. घराची काटकसर बहुतेक वेळा याच पाच तासांतून होते. पण महिन्याच्या हिशेबाच्या वहीत त्याची ओळ कुठेच नसते.

म्हणून काय, गोधडी शिवू नये का? शिवावी, जरूर शिवावी. आईच्या गोधडीत मला जी झोप लागते, ती ब्लँकेटमध्ये लागत नाही. पण ती फुकट आहे असं म्हणू नये. आणि सुई घरातल्या सगळ्यांच्या हातात यावी, एकटीच्या नाही.

काटकसर कुठे करायची नाही?

आता तिसरा प्रश्न. हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात होतं. पण पालकही वाचतात, म्हणून लिहिते.

२००७ साली मी डी.एड.ला होते. आई घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची, भिशी भरायची. माझ्या हॉस्टेलचा खर्च त्यातूनच निघायचा. सगळे नातेवाईक तिचं कौतुक करायचे, "किती काटकसरीनं संसार करते!" एकदा सुट्टीत घरी आले तर ती जिन्यात बसली होती. चक्कर आली होती. दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७. बायकांचं ते १२ च्या वर असायला हवं.

डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?" आई गप्प. नंतर कळलं, घरात दूध अर्धा लिटर कमी केलं होतं. कमी झालेलं दूध तिच्या वाट्याचं होतं. भाजी सगळ्यांना वाढून उरली तर तिला, नाहीतर चटणी-भाकर. आम्हाला कुणालाच दिसलं नाही, कारण ती सगळ्यात शेवटी आणि एकटी जेवायची. आजीही तशीच जेवायची. आम्हाला वाटायचं, बायका अशाच जेवतात.

ही फक्त आमच्या घरातली गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. याला कारणं बरीच आहेत, पण शेवटचं ताट हे त्यातलं एक आहे.

म्हणून पाटीवर कोरून ठेवा : काटकसर वस्तूंवर करायची. कुणाच्याही ताटावर, औषधावर आणि शिक्षणावर करायची नाही. पँटला ठिगळ चालतं, जेवणाला चालत नाही. आणि घरात जेव्हा म्हणाल, "आपण या महिन्यात इतके वाचवले," तेव्हा लगेच विचारा, "कुणाच्या वाट्याचे?"

आईची तब्येत पुढे सुधारली. आता आमच्या घरी सगळे एकत्र जेवतात. सुरुवातीला ती उठून उठून वाढत राहायची. आता बसते.

वर्गात काय केलं?

महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. पुढे तो 'नई तालीम' म्हणून ओळखला गेला. आपला कार्यानुभवाचा तास याच वाटेवरचा आहे. मी त्या तासाला प्रत्येकाला एक सुई, हातभर दोरा, एक बटण आणि कापडाचा तुकडा आणायला सांगितलं. मुलगे आणि मुली, दोघांनाही. दोन मुलं कुरकुरली, "मॅडम, हे बायकांचं काम." मी म्हटलं, "आपल्या गावात शिलाईची दोन दुकानं आहेत, तिथे मशीनवर कोण बसतं?" मग गप्प बसली.

सुईत दोरा ओवताना निम्मा वर्ग अडला. दोरा थुंकीनं ओला करून, डोळे बारीक करून सगळे झटतायत. आणि तो ठिगळवाला मुलगा? त्यानं एका झटक्यात दोरा ओवला. मग शेजारच्याचा, मग पुढच्या बाकावरचा. थोड्या वेळानं सगळे त्याच्याकडे रांग लावून उभे. मी विचारलं, "अरे, इतकं पटकन कसं जमतं तुला?"

"आईला रात्री दिसत नाही ना, मीच देतो ओवून रोज," तो म्हणाला. हे सांगताना तो उभा होता आणि दप्तर बाकावर होतं.

स्वाध्याय

१. उधळ्या, कंजूष आणि काटकसरी यांतील फरक एकेका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. एक दप्तर ४५० रुपयांना घेतले. ते ९ महिन्यांत उसवले. ३० रुपये देऊन शिवून घेतल्यावर ते आणखी ७ महिने चालले. दर महिन्याचा खर्च आधी किती होता आणि नंतर किती झाला?

३. घरी होणारा एखादा पदार्थ निवडा. साहित्य, इंधन आणि वेळ असा तिन्हींचा हिशेब मांडा. विकतच्या पदार्थाशी तुलना करा.

४. घरातल्या जुन्या गोधडीबद्दल माहिती मिळवा : आत कोणते कपडे आहेत, कुणी शिवली, किती दिवस लागले?

५. उपक्रम : आठ दिवस घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि त्या ताटात काय उरलेलं असतं, याची नोंद करा. ही नोंद वर्गात वाचायची नाही; घरी सगळे बसले असताना वाचायची.